साडूचं जळतन

माहा जनम भुशात झाला. गंमत नाई सांगून राह्यलो तुमाले, खरोखर भुशात. माय बापाची भाकर घेऊन कामावर आली, बाप लाकडाच्या एका खांडावर करवत चालवून राह्यला होता, आन तिले तिथीच कळा सुरू झाल्या, तं बापानं करवत बाजूले ठेवली, भुशाचा ढीग हातानं सपाट केला, त्याच्यावर आपलं धोतर हातरलं आन झालो मी. लोकायचे लेकरं जनमल्याबरोबर रडते, मी शिंकलो. सुईन म्हने बाई, हे तं शिंकलं. बाप म्हने शिंकनारच, सागवानाचा भुसा हाय, बाभळीचा असता तं खोकलला असता. तवापासून मले लाकडाचा वास समजते. माहे डोळे बांधा, दहा लाकडं नाकासमोरून फिरवा, नऊ वळखून देतो. दहावं कोनतं ते सांगतोच पुढं, काहून का साऱ्या भानगडीचं मूळ तेच हाय.

आमी वाढई. दर्यापूरपासून जीपनं पाऊन घंटा, जीप भरली तं. नाई भरली तं डायवर बसून राह्यते बिडी ओढत आन आपुन त्याच्या तोंडाकडं पाहत. काळी जमीन, खारं पानी, कापूस आन सोयाबीन दाबून होते, पन झाड म्हनसान तं बाभूळ नाई तं निंब. सागवान यायचं परतवाड्याहून, बैलबंडीत बसून, नवरदेवावानी. बाप बंड्या करे, तिफन, डवरे, वखर करे, आन त्याचा एकच कायदा होता, बाभूळ वावरात राबनाराले, सागवान घरात राह्यनाराले, आन बाकी सारं जळतन. जळतन म्हंजे चुलीत घालाचं लाकूड. हा शब्द नीट लिहून घ्या.

बापाचं सागवानाचं काम कसं होतं ते ऐका. एका पाटलाच्या घराले त्यानं दरवाजा बसवला. पूर्णेले पूर आला त्या साली ते घर वाहून गेलं, भिंती गेल्या, छप्पर गेलं, दरवाजा तेवढा चौकटीसकट उभा. पानी उतरल्यावर पाटील त्याच दरवाज्यानं आत-बाहेर करे, कडी लावून. घर नव्हतं, पन दरवाजा होता ना. एक पाहुना आला तं तोबी कडी वाजवून उन्हात उभा राह्यला, बाजूनं वळसा घालून जायाची त्याची हिंमत नाई झाली, असा तो दरवाजा. तुमी हासून राह्यले, हासा, पन लिहा.

तं अशा बापाचा मी लेक. लग्न झालं तिवस्याच्या वाढयाच्या पोरीसंग, शांता तिचं नाव, घरातली मोठी. दोन वर्सानं तिची लहान बहीन बेबी, तिचं लग्न नारायनसंग झालं. तोबी वाढईच, तिवस्याचाच, पन कसा वाढई? हात बारीक, आवाज बारीक, जेवन त्याहून बारीक, जेवून उठला तं ताटाले वाटे का हा मानूस नुसता पाहून गेला. मी कसा, चार लोकात बोलनारा, हातात वाकस घेतली तं गल्लीच्या टोकापर्यंत समजे का गुलाब मिस्त्री कामाले लागला. आन हा काम करे तं कुत्रंबी उठे नाई जागचं. पन सासुरवाडीले गेलो का सासू कोनाले वाढे पयले? नारायनले. काहून? तं म्हने त्याचं पोट नाजूक हाय. माहं पोट काय लोखंडाचं हाय का. खोटं काहून बोलू तुमाले, मी त्याच्यावर पयल्या दिवसापासून जळत आलो.

त्याच्या लग्नानंतरच्या पयल्या दिवाळीले सासऱ्यानं खेळ केला. सासराबी जुना वाढई. त्यानं ट्रंकेतून लाकडाचा एक ठोकळा काढला, बोटभर लांबीचा, इटकरीवानी लाल, आन दोघं जवाई बसलो होतो तिथी मधात ठेवला. म्हने सांगा पोरायहो कायचं हाय. मी हातबी नाई लावला, लांबूनच म्हनलं कवळं सागवान हाय, वाढ पुरी व्हायच्या आधी तोडलं. नारायननं तो ठोकळा उचलला, नाकाले लावला, मंग कानाजोळ नेऊन नखानं वाजवला, आन म्हने मामा, तुनी हाय. सासऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. सासू, बेबी, आन खुद्द माही बायको, साऱ्या पदर तोंडाले लावून हासल्या. हे ते दहावं लाकूड. तुनी. त्या दिवशी मी मनात ठरवून टाकलं का हे लाकूड जळतन हाय, देवानं येऊन सांगतलं तरी जळतनच हाय.

आता तुमाले झाड सांगतो, काहून का झाडाचा काई दोष नाई. अमरावतीले कॅम्पाकडं एका वकीलसाहेबाचा जुना बंगला हाय, सासऱ्यानं तिथच्या दारं-खिडक्या केलत्या, म्हनून लाकडाचं काई निघालं का वकीलसाहेब आमाले दोघायलेच बोलावत. त्या कंपाउंडात तुनीचं झाड होतं. झाड कसं, त्याच्या सावलीत चार ऑटो, एक पानठेला आन वकीलसाहेबाचे पंधरा-वीस अशील बसत, आन एकाची सावली दुसऱ्याले लागत नव्हती. पानं निंबावानी, पन लांब, आन कडू नाई. पाडव्याले लोक निंब समजून तोडून नेत, गुळासंग खात आन म्हनत यंदा निंब गोड निघाला, वर्स चांगलं जाईन. फाल्गुनात फुलं येत, बारीक, पांढरी, मधाच्या वासाची. वकीलसाहेबाची आई सांगे, त्यायची बोली तुमच्या पुन्याकडली, म्हनत आमच्या सासूबाई पडलेली फुलं वेचून उकळायच्या आणि त्या पाण्यात लुगडी पिवळी करायच्या. पन वकीलसाहेबानं एकदा मले उभं करून सांगतलं, मिस्त्री, हा आपला देशी देवदार, तो हिमालयातला निराळा, हा आपल्या सातपुड्यातला, इंग्रज साहेबांनी ओढ्याकाठची रोपं आणून इथे लावली. मी म्हनलं हो साहेब. मनात म्हनलं जळतन.

सात-आठ वर्सं झाले, उन्हाळ्यात वादळ आलं आन ते झाड आडवं पडलं, कंपाउंडाची भिंत घेऊन. तेव्हाच बंगल्याचा जुना व्हरांडाबी पाडनं सुरू होतं, त्याचे सागवानी खांडं निघाले होते, शंभर वर्साचे, वाजवले तं घंटी. वकीलसाहेबानं आमा दोघायले बोलावलं आन म्हनले, एकानं झाडाचा ओंडका न्या, एकानं खांडं न्या, भांडू नका. नारायन माह्याकडं पाहून म्हने, दादा, तुमी मोठे हा, तुमी सांगा. मी काय सांगनार. म्हनलं मी सागवान नेतो, तू ते जळतन ने. मोठ्यानं म्हनलं, मजूर होते, ऑटोवाले होते, सारे हासले. नारायन म्हने बरं दादा. आन जाऊन त्या पडलेल्या झाडाच्या बुडाशी बसला आन हात फिरवू लागला, गाईच्या पाठीवर फिरवते तसा. मी मेटाडोरमंधी सागवान भरून दर्यापूरच्या रस्त्यानं निघालो, इतका हासलो का डायवरनं दोन वेळा गाडी थांबवून इचारलं मिस्त्री, पानी पाजू का.

त्यानं काय केलं, ओंडक्याच्या दोनी तोंडायले शेन-माती लिपली, चिरा जाऊ नये म्हनून. मंग फळ्या चिरल्या, एकावर एक रचल्या, मधात काड्या ठेवून, सावलीत, दोन पावसाळे. मी मुद्दाम पाहाले गेलो, म्हनलं नारायन, लाकूड वाळवून राह्यला का पापड? तो म्हने दादा, हे लाकूड हळवं हाय, घाई केली तं रुसते. लाकूड रुसते म्हने. मी गावात येऊन साऱ्यायले सांगतलं का माह्या साडूचं लाकूड रुसते, त्याच्यासाठी पेढे घेऊन जा.

मंग त्यानं त्याच्यातून वकीलसाहेबाच्या आईले एक पेटी करून देल्ली, शालू-पैठन्या ठेवाले. पेटी अशी का म्हातारीनं एका हातानं उचलली. आतून वास येते गोड, आन त्या वासानं कसर फिरकत नाई, वाळवी तोंड लावत नाई, पालीस केलं नाई तरी लाल रंग दिवसेंदिवस गडद होत जाते. म्हातारीनं चार घरच्या बायकायले दाखवली, त्यायनं आनिक चार जनीले, आन अमरावती ते तिवसा अशी एकही मास्तरीन, वकिलीन राह्यली नाई का जिले तुनीची पेटी नाई पायजे. बेबीले तं त्यानं पयलीच करून देल्ली होती. मंग काय, माही शांता तोंड पाडून बसली. म्हने बेबीच्या लुगड्याले कसा वास येते, आन माह्या लुगड्याले तुमच्या बिडीचा.

मी म्हनलं थांब. वकीलसाहेबाच्या खांडातून सागवानाची पेटी केली, अशी का चार मानसं लागले उचलाले. आन वासासाठी काय केलं, हे आजवर कोनाले सांगतलं नाई. अकोल्याले जाऊन केवड्याच्या अत्तराची मोठी शिशी आनली आन सारी आतून चोळली. शांता खूश. आठ दिवसानं ती त्या पेटीतलं लुगडं नेसून लग्नाले गेली, तं वरातीतला क्लॅरोनेटवाला वाजवाचं सोडून वळून पाहे, मधमाश्या नवरीच्या गजऱ्यावरून उठून शांताच्या मागं लागल्या, सारी वरात पुढं आन शांता आन मधमाश्या मागं. घरी येऊन तिनं लुगडं उलगडलं तं पाठीवर तेलाचा डाग, नागपूर जिल्ह्याच्या नकाशाएवढा. तिनं डाग पाह्यला, पेटीत नाक घातलं, मंग माह्याकडं पाहून म्हने, तुमच्या सागवानाले नाई लागत वाळवी, तुमाले लागली.

हे सारं मी पचवलं असतं. पन मंग वीणेचं झालं.

आमच्या गावात चैत्रात सप्ताह राह्यते, सात दिवस देवळात नाम चालते. तिथी वीणेचा पहारा असते, म्हंजे एक मानूस गळ्यात वीणा अडकवून उभा राह्यते, तार छेडत, आन त्याचा पहर सरला का दुसरा येते, पाया पडते, त्याच्या गळ्यातून आपल्या गळ्यात घेते. सात दिवस वीणा जमिनीवर टेकत नाई आन तार थांबत नाई. गळ्यातून फक्त गळ्यातच जाते. पयला पहारा माळीबुवाचा. ऐंशीच्या पुढचा मानूस, वांगे, मेथी आन झेंडू पिकवनारा, पोराटकीपासून पयला पहारा त्याचाच, त्याशिवाय सप्ताह सुरूच नाई होत. गावाची जुनी वीणा भोपळ्याची होती, ती खुंटीवरून पडली आन भोपळा तडकला. माळीबुवा माह्या दारी आला. म्हने गुलाब, तिवस्याले तुह्या साडूनं एक वीणा केली म्हन्ते, लय गोड हाय म्हन्ते, भजनी मंडळातल्या पोट्ट्यायचं म्हननं हाय का त्यालेच सांगाव. पन म्या म्हनलं आपला गुलाब असतानी गावाची वीणा बाहेरून काहून आनाची.

म्हंजे पेटीवर भागलं नाई त्याचं. त्यानं वीणाबी केली. आन ती माह्या गावात यायच्या बेतात. बंड्या गेल्या, लोखंडी ट्राल्या आल्या, तिफन गेली, ट्रॅक्टर आलं, दारं आता फायबरची येते दुकानातून, मले गावात इचारते कोन? आन गावाची एक वीणा, तीबी साडूच्या हातची गळ्यात घालून लोक उभे राह्यले तं मी वाढई म्हनून कोन्या तोंडानं फिरू. म्हनलं बुवा, सप्ताहाच्या आधी वीणा तुमच्या गळ्यात.

मी सर्वात चांगलं खांड काढलं. भोपळ्याच्या जागी लाकडाचं भांडं कोरलं, दांडी केली, खुंट्या केल्या, दांडीच्या टोकाले मोर काढला, मोराच्या पिसाऱ्यातले डोळे वेगवेगळे, म्हंजे कोनता डोळा कुठी पाहून राह्यला ते समजे. आन भांड्याची भिंत ठेवली दोन बोटं जाड. काहून? काहून का बापानं शिकवलं होतं, लाकूड बारीक केलं तं वजन कोन झेलनार. बंडीले ते खरं हाय. मी वीणा बंडीवानी केली, एवढीच माही चूक, पन तवा मले ती चूक वाटत नव्हती, तवा वाटे का बैल उभा केला तरी काई नाई होनार हिले. शांतानं उचलून पाह्यली आन खाली ठेवून देल्ली. म्हने वीणा हाय का उखळ? तार छेडली तं ठक असा आवाज आला, कोनी दार वाजवते तसा. ती दाराकडं गेलीबी पाहाले, कोन आलं म्हनून. मी म्हनलं तारा नवीन हाय, मोकळ्या होतीन.

सप्ताहाच्या पयल्या दिवशी सकाळी बेबी आन नारायन आले, शांतानं बोलावलं होतं. नारायनच्या काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं काई लांबोडकं होतं. मी वळखलं. बेबी म्हने भाऊजी, यायनं आनली संग, लागलीच तं असू द्या. मी म्हनलं गावाची वीणा झाली, गावातच झाली, आता दुसरीची काई गरज नाई. नारायन म्हने बरं दादा. आन ती चादर त्यानं माह्या घरात दाराच्या मागं उभी करून ठेवली. याच्या बरं दादाचा मले इतका राग येते ना, भांडला असता तं बरं वाटलं असतं.

देवळात हार-फुलं झाले, माही वीणा माळीबुवाच्या गळ्यात गेली आन नाम सुरू झालं. सारे मोराकडं पाहून राह्यले, वा वा करून राह्यले, आन मी म्हाताऱ्याचे गुडघे पाहून राह्यलो. वीणा गळ्यात गेली तसे ते उलीसे, बोटभरच, वाकले आन मंग सरळ झालेच नाई. बुवा तार छेडे तं ठक, ठक. मान पुढं गेली, कपाळाचा घाम नाकावरून मोराच्या पाठीवर पडू लागला. मी पाया पडाले गेलो तं बुवा वाकूनच होता, माह्या कानाशी म्हने, गुलाब, बैलायले कसं वाटत असंन ते आज समजलं. हासूनच म्हने. ठेवतो म्हनून नाई म्हनला, दे कोनाले म्हनून नाई म्हनला, गावच्या मिस्त्रीची वीणा हाय ना. खांबाले टेकून नारायन बसला होता. त्यानं एकदा वीणेकडं पाह्यलं, एकदा माह्याकडं, आन मान खाली घातली. तो हासला असता तं चाललं असतं. त्याले माही कीव आली होती.

मंग माही जीभ मले न इचारता चालली. मोठ्यानं म्हनलं, द्या बुवा, मी घेतो, हे काय, फूल तं हाय. बुवाच्या गळ्यातून वीणा माह्या गळ्यात आली. फूल.

माह्यानंतर चार जनाचे नावं लागले होते. एकाची मोटरीची लाईट आली म्हने, तो पानी द्याले गेला. एकाचे कांदे काढाचे राह्यले होते. तिसऱ्याच्या पोटात दुखाले लागलं, चौथा त्याले दवाखान्यात घेऊन गेला. देवळात बाया आन पारावरचे म्हातारे राह्यले, आन त्यायच्यातलं कोनी नजर मिळवे नाई. पयला पहर गेला, दुसरा गेला. चैताचं ऊन, मान अशी झाली का वाटे वीणा माह्या गळ्यात नाई, मी वीणेच्या गळ्यात हाय. माही उंची दोन बोटं कमी झाली, हे तुमाले खोटं वाटंन, पन पैजामा जमिनीवर लोळाले लागला होता, इचारा शांताले. आन दर ठोक्याले ठक. वरून मी तोंड हासरं ठेवून, काहून का समोर खांबाजोळ साडू बसला होता आन साडूच्या बाजूले माही बायको.

तिसरा पहर लागला तं माळीबुवा उठला. पारावर पडला होता इतका वेळ, उठला, हात-पाय धुतले, टोपी घातली आन माह्या समोर येऊन उभा. वाकून माह्या पाया पडला, ऐंशी वर्साचा मानूस माह्या पाया पडला, नेम हाय तसा, आन म्हने दे, कोनी नाई तं मी हावो. त्यानं मान पुढं केली. त्या मानेवर माह्या वीणेच्या दोरीचा लाल वळ होता, सकाळचा, तसाच.

मी देल्ली असती तं नेम पाळला गेला असता. कोनी काई म्हनलं नसतं. आन माही वीणा सातबी दिवस गावाच्या गळ्यात राह्यली असती, म्हातारा मेला असता तरी लोक म्हनले असते पुन्यवान, पहाऱ्यात गेला. हे सारं माह्या मनात आलं, खोटं नाई बोलत. मी तार थांबू देल्ली नाई, पन मान वर केली आन म्हनलं, नारायन. तो उभा राह्यला. सारं देऊळ पाहून राह्यलं. म्हनलं तुहं ते जळतन आन.

तो पळाला नाई. त्याच्या चालीनं गेला, त्याच्या चालीनं आला, तेवढ्यात मी दोन वेळा मेलो. चादर सोडली, वीणा माळीबुवाच्या गळ्यात घातली. ना मोर, ना नक्षी, लाल लाकूड, तेलाचा हात फिरवलेलं, बस. बुवानं मान वाकवाची तयारी केली होती, तं मान वाकलीच नाई, वजनच नाई तं वाकंन कायले. त्यानं तार छेडली. काय सांगू तुमाले. माही तार वाजली का देवळातच पडे, त्याची तार छेडली आन आवाज दारातून निंगाला, पारावर गेला, गल्लीत गेला, हातपंपाजोळ पानी भरनाऱ्या बायायनं हांडे खाली ठेवले. आन मंग एक एक जन येऊ लागला. लाईटवाला आला, कांदेवाला आला, पोटदुखीवालाबी आला, म्हने मले वाटते आता माहाच पहर हाय.

माह्या गळ्यातली वीणा नारायननं काढली. दोनी हातावर घेतली, लेकरू घेते तशी, आन माह्या कानाशी म्हने, दादा, मोर लय भारी काढला, मले नसता जमला. हे त्यानं बोलाले नव्हतं पायजे. तेवढं बोलला नसता तं मी त्याले माफ केलं असतं.

ते झाले पाच वर्सं. माही वीणा देवळात भिंतीवर हाय, चार मोठ्या खिळ्यायवर, बाहेरगावचे लोक येते ते फोटो तिचाच काढते, दिसाले तीच हाय ना. गळ्यात त्याची राह्यते. माळीबुवा अजून हाय, पयला पहारा त्याचाच. आन त्या वीणेचं नाव गावात काय पडलं, तं जळतन. पोट्टे म्हन्ते जळतन सुरात लावा, जळतन गळ्यात घ्या. नाव मी देल्लं हाय, एवढं तरी माहं हाय त्याच्यात.

औंदा सप्ताहाच्या आधी काय झालं ते सांगतो, मंग तुमी जा. आमच्याकडच्या उन्हानं वरच्या फळीचा सांधा सुटला, वाजाची ती फळी, तिले तबली म्हन्ते. नारायनच्या डोळ्याचं आपरेशन झालेलं, तं मंडळवाले वीणा माह्याकडं घेऊन आले. दार लावून घेतलं. तबली उचलली. पाच वर्सापासून मले हेच पाहाचं होतं, आत काय करून ठेवलं यानं. भिंत पापडाएवढी बारीक, साऱ्याकडून सारखी, बोट फिरवलं तं कुठी पटाशीचा ओरखडा नाई. म्हनलं असंन, कुठी तरी असंन. आन सापडलं. तबलीच्या आतून, मधोमध, एक जागा जाड राह्यलेली, रुपयाएवढी, रंधा फिरवाचा राह्यला असंन तशी. काय आनंद झाला मले. म्हनलं सापडला लेकाचा, आळस केला. रंधा घेतला, पातं पुढं काढलं, म्हनलं सारखं करून टाकतो, त्याचीच चूक तं काढून राह्यलो, कोन काय म्हननार.

रंधा टेकवला आन मंग माह्या ध्यानात आलं का ही जागा बरोबर घोडीच्या खाली हाय. घोडी म्हंजे ते हाडकाचं, ज्याच्यावर तारा राह्यते. चारी तारायचा भार त्या एका जागी. तिथी त्यानं लाकूड ठेवलं होतं, बाकी सारं काढलं आन तेवढंच ठेवलं. मी रंधा फिरवला असता तं तबली महिनाभरात बसली असती आन कोनाले कवाच समजलं नसतं. रंधा हातातच होता. किती वेळ होता ते इचारू नका. मंग ठेवला खाली. हे लिहू नका. नाई, लिहा, लिहा, ठेवला ते लिहा.

सरस लावून तबली बसवली, दोरीनं बांधली, दार उघडलं. शांता बाहेर मेथी निवडत बसली होती, मान वर न करता म्हने, सापडलं का काई? मी म्हनलं काय सापडनार. त्या संध्याकाळी नारायनचा फोन आला, डोळ्याले पट्टी बांधलेली, आवाज तोच बारीक. म्हने दादा, वीणा कशी हाय? मी म्हनलं बरी हाय. लय चांगली हाय हे मले म्हनाचं होतं, दातापर्यंत आलं होतं, पन दातं माहे पक्के हाय, सारे शाबूत. तं शांतानं माह्या हातातून फोन घेतला आन त्याले म्हने, जवाईबापू, तुमच्या दादायनं सारी वीणा उघडून पाह्यली, चूक नाई सापडली. तिकडून हासनं आलं. इतक्या वर्सात नारायनले हासतानी मी पयल्यांदा ऐकलं, आन ते हासनं मोठं होतं, बारीक नव्हतं. 

बसा म्हनलं असतं, पन तुमची जीप भरत आली असंन. तुमच्या घरची दारं पावसाळ्यात न फुगो, आन तुमाले एखादा साडू भेटो, चांगला, तुमच्यापेक्षा उलीसा चांगला. म्हंजे तुमालेबी समजंन.